सव्वा सुताचे तीन स्क्रू

मला संशयी म्हणतात. सासरी म्हणतात, माहेरी म्हणतात, आणि कारखान्यात तर मला त्यासाठीच ठेवलंय. कोरेगाव भीमाजवळच्या एका कारखान्यात बाहेरून येणारा माल तपासून घ्यायचं माझं काम. खोक्यावर काय छापलंय ते मी वाचत नाही, आत काय निघतं ते मोजते. माल देणारा माणूस जास्त गोड बोलायला लागला की त्याचे दहा नग जास्त मोजते. ही खोड संध्याकाळी गेटवर ठेवून शिरूरला घरी येता येत नाही. नवरा म्हणतो, लग्नाआधी तू मलासुद्धा उलटासुलटा करून बघितलं असशील. बघितलंच होतं.

तर त्या रविवारी मी दौंडला आप्पांकडे गेले होते. आप्पा म्हणजे माझे वडील. रेल्वेत फिटर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, आई गेल्यापासून एकटेच राहतात. चहा झाला, आप्पांनी त्यांचं आवडीचं तबलावादन लावलं, आणि स्पीकरच्या डाव्या पेटीतून मला फरफर ऐकू आली. अगदी बारीक. डग्ग्याचा घुमारा आला की फर्र, मग गप्प. मी उठले, स्पीकरची जाळी काढली आणि तिथंच फतकल मारून बसले.

वूफर, म्हणजे आतला मोठा गोल स्पीकर, पेटीला धरून ठेवायला कडेनं आठ स्क्रू असतात. पाच काळे होते. तीन पांढरे.

"आप्पा, ही पेटी कुणी उघडली?"

आप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. मी परत विचारलं, जरा चढ्या आवाजात. तेव्हा त्यांनी मान वळवली. "असू दे गं. आवाज बसलाय तिचा. चाचाकडनं आल्यापासनं बसलाय."

माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली.

ह्या दोन पेट्या आम्ही बापलेकीनं मिळून केलेल्या. मी कारखान्यात नवीनच लागले होते, लग्न व्हायचं होतं. प्लायवूड आप्पांनी कापलं, वूफर पुण्याहून आणले, आणि सगळ्यात जास्त भांडण झालं ते स्क्रूवरून. आप्पा म्हणाले, साधे लाकडाचे स्क्रू पिळू. मी म्हटलं, दोनदा उघडलं की भोक ढिलं होणार. शेवटी माझं खरं केलं. लाकडाच्या आतल्या बाजूनं दात असलेले नट ठोकले, आणि त्यात बसायला काळे ॲलन स्क्रू, डोक्यात षटकोनी खळगा असलेले, चार एमएम जाडीचे, पंचवीस लांबीचे. दोन पेट्यांचे सोळाच्या सोळा मी गेजनं, म्हणजे माप तपासायच्या हत्यारानं, तपासून आणले होते. वूफरच्या मागच्या मॅग्नेटवर हिरव्या मार्करनं एकेक ठिपकासुद्धा दिला, कारखान्यात पास मालावर देते तसा. "घरच्या मालाला बी?" म्हणून आप्पा केवढे हसले होते.

आप्पांना गेज लागायचा नाही. त्यांना कान पुरायचे. मी लहान असताना काम करता करता हातातनं स्क्रू निसटला की ते ओरडायचे, "हलू नका कुणी!" आम्ही श्वास धरून उभ्या. ते डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे, "पितळी हाय. गेला कपाटाखाली, उजव्या पायापाशी." आई वाकून बघायची, आणि मेला तो स्क्रू नेमका तिथंच असायचा.

आणि चाचा म्हणजे आप्पांचे जिवाभावाचे दोस्त. स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत त्यांचं दुकान, पूर्वी रेडिओ-टेप दुरुस्त करायचे, आता मिक्सर, पंखे, जे येईल ते. आमची आई गेली तेव्हा महिनाभर चाचांच्या घरून डबा यायचा, आणि आप्पा जेवतात का नाही हे बघायला चाचा स्वतः समोर बसायचे. रोज संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर दोघांचा चहा. डाव्या पेटीतली वायर तुटली तेव्हा ती चाचांकडेच गेली, चार दिवस राहिली, परत आली. आणि त्यानंतर आप्पांचं तिथं जाणं हळूहळू बंद पडलं. मी विचारलं तर म्हणाले, "जाऊन काय करायचं? तोबी आता बोलत न्हाई नीट."

म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतं. मी हिशेब लावला तो असा: चार दिवस पेटी चाचांकडे, आवाज बसला, तीन स्क्रू बदललेले. म्हणजे वूफर बदललाय. जुना चांगला काढून घेतला आणि कसलातरी डुप्लिकेट आत बसवला. राग आलाच, पण त्याहून भीती वाटली. चाचाच लबाड निघाले तर आप्पांना दौंडात उरलं कोण? मी शिरूरला, आठवड्यातून एकदा येणार. बाकीचे सहा दिवस त्यांच्याशी बोलायला त्या भिंती.

मी सुरीच्या टोकानं एक पांढरा स्क्रू पिळून बघितला. तीन आट्यांत हातात आला. पंचवीस लांबीचा नव्हताच, आखूड होता, डोक्यावर एकच खाच, जुन्या पद्धतीची.

"हे चाचांचे स्क्रू आहेत ना?" मी आप्पांच्या तोंडासमोर धरून विचारलं.

आप्पांनी स्क्रूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कपातला गार झालेला चहा पिऊन टाकला. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मी समजायचं ते समजले.

सोमवारी तो स्क्रू मी कारखान्यात नेला. जाडी मोजायच्या व्हर्नियरमध्ये धरला तर चारला जरासा कमी. जाडी तर जुळतेय म्हणायची. मग आट्यांचा गेज काढला. हा म्हणजे बारीक दातांच्या पात्यांचा जुडगा, ज्या पात्याचे दात स्क्रूच्या आट्यांत चपखल बसतील ते त्याचं माप. चार एमएमच्या स्क्रूचं पातं लावलं तर ते डुगडुगायला लागलं, मधून उजेड दिसायला लागला. आमच्या गेज रूममध्ये एक बिहारचे भाई आहेत, त्यांनी लांबूनच बघितलं. "मॅडम, ये एमएम नहीं है. इंच वाला लगाइए." इंचाचं पातं लावलं आणि ते गप्पकन बसलं.

आमच्या मालात इंचाचा स्क्रू मी आजवर एक बघितला नव्हता. हा आला कुठून?

संध्याकाळी शिरूरच्या बाजारातल्या हार्डवेअरवाल्या मामांपुढे तो ठेवला. मामांनी नखानं आटे खरवडले आणि म्हणाले, "सव्वा सूत."

सुतारकामाची आणि जुन्या मशिनींची ही मापं. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. सव्वा सूत म्हणजे चार एमएमला केसभर कमी. दिसायला जुळे भाऊ, पण आट्यांची चाल, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, वेगळी.

"हा चारच्या नटात घातला तर जातो का मामा?"

"जातोय की. दोन-तीन आटं जातो आन् मग आवळतो. माणसाला वाटतं, घट्ट बसला. कसला बसतोय! जोर लावला तर नटाचं आटं खातो. लई लोकं फसत्यात."

"आणि हे असले आता वापरतं कोण?"

"कोण वापरणार? जुनं रेडिओवालं, जुनं फिटर. नव्या पोरांना सूत म्हंजी काय ते बी ठावं न्हाई."

रेडिओवाले हा शब्द मी पक्का धरला. पुढचं माझ्या कानावरून गेलं.

मामांकडून तीन काळे ॲलन मागितले. त्यांनी पुडीत भराभर टाकले. मी पर्समधून माझा खात्रीचा नट काढला आणि प्रत्येक स्क्रूवर बोटानं शेवटपर्यंत फिरवून बघितला. दोन चांगले निघाले, तिसरा लांबीला जास्त. ह्या स्क्रूची लांबी डोक्याखालून मोजतात, डोकं धरून नाही. लांब स्क्रू घातला तर आत नुसता लोंबत राहतो.

"हा तीसचा आहे मामा."

"व्हय? मिसळला असंल."

"माझ्याच पुडीत बरा मिसळला."

मामांनी कपाळाला हात लावला आणि बदलून दिला. "ताई, तुमच्या घरच्यांचं कसं व्हत असंल ओ?" असं म्हणालेसुद्धा. मी तोंड वाकडं करून पुडी उचलली.

पुढच्या रविवारी मांडवगण फराट्यावरून स्कूटीनं दौंडला निघाले. ऊस भरलेल्या ट्रॉल्यांमागून जाताना सगळ्या रस्त्यानं मी चाचांना काय काय बोलायचं ते जुळवत होते. आप्पांच्या घरी न जाता सरळ दुकानात गेले. दोन बायका मिक्सर घेऊन उभ्या होत्या. थांबायला पाहिजे होतं. थांबले नाही.

"चाचा, आमचा वूफर कुठाय?"

"कंचा वूफर? बस की पोरी आधी."

"बसायला नाही आले." मी पांढरा स्क्रू काउंटरवर आपटला. "आप्पांच्या पेटीतला हा. असे तीन. वूफर बदलला की नाही तुम्ही?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रू डोळ्याजवळ नेला.

"सव्वा सूत. हायत माझ्याकडं असले, डबाभर हायत, जुन्या रेडिओला लागत्यात. पर तुमच्या पेटीत मी हे घालीन?" ते बाजूला झाले आणि मागचं टेबल मला दाखवलं.

टेबलावर जळलेल्या स्पीकरची चार-पाच मॅग्नेट मांडलेली होती. प्रत्येकावर एकेका कामाचे स्क्रू गोलाकार चिकटवलेले, घड्याळातल्या आकड्यांसारखे. लहान होते तेव्हापासून मी ते बघत आलेय. चाचा वस्तू उघडायला घेतली की तिचे स्क्रू ज्या जागेवरून निघतील त्याच क्रमानं मॅग्नेटवर लावतात, आणि परत ज्या भोकातला स्क्रू त्याच भोकात. दुसऱ्या भोकात गेला तर त्यांना चैन पडत नाही.

"आठ काळे आले, आठ काळे गेले," चाचा म्हणाले.

"हे सगळं गिऱ्हाइकाला दाखवायला ठीक आहे," मी म्हटलं. आज लिहिताना जीभ झडावीशी वाटते, पण म्हटलं. "मग आप्पा तुमच्याकडे यायचे का बंद झाले?"

चाचांचा चेहरा पडला. "त्येच मला विचारायचंय त्यास्नी. भाजीच्या गाड्यापाशी दिसले. तीनदा हाक मारली, आप्पा, आप्पा म्हून. वळून बघितलं न्हाई. चार माणसात माझी मान खाली गेली. म्हटलं, माझं चुकलं तरी काय?" त्यांचा आवाज चिरकला. मला वाटलं, नाटकं करतायत.

"उघड ती पेटी," ते म्हणाले. "त्यांच्या म्होरं उघड. वूफर दुसरा निघाला तर ह्या दुकानाला कुलूप लावतो. आन् काढल्यावर मागं मॅग्नेटवर बघ, काय चिकटलंय का."

"बघतेच," म्हणून मी निघाले.

घरी आप्पांना हातानंच खूण केली, बसा. पेटी फरशीवर आडवी केली, जाळी काढली. पाच काळ्यांना माझी ॲलन की होती, पांढऱ्यांच्या खाचेला साधा स्क्रूड्रायव्हर हवा होता. कपाटावरचा आप्पांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला, त्यात त्यांची जुनी हत्यारं असतात. स्क्रूड्रायव्हर सापडला. त्याच्याखाली तळाशी तसलेच पांढरे स्क्रू होते, एका खाचेचे, आखूड. मूठभर.

हात जरा थांबला माझा. तरी मी काम चालू ठेवलं. सगळे स्क्रू काढले, वूफर अलगद उचलला, उलटा केला.

हिरवा ठिपका तिथंच होता. पुसट झालेला, पण माझाच. आणि ठिपक्याशेजारी मॅग्नेटला तीन काळे ॲलन स्क्रू चिकटून बसले होते.

मी खाली मान घालूनच म्हणाले, "आप्पा, पेटी तुम्ही उघडली होती ना?" उत्तर आलं नाही. मग आप्पांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं आणि ते पुढं वाकले.

"सापडले व्हय?" त्यांना इतकी लाज वाटली की माझ्याकडे बघवेना. "लई हुडकले गं. आवाज बसला म्हून म्या उघडली. म्हटलं, चाचानं आत काय करून ठेवलंय बघावं. स्क्रू काढून वूफरच्या कडंला ठेवले, वूफर उचलला, आन् तीन कुठं गेले कळलंच न्हाई. फरशीवर बघितलं, खाटंखाली बघितलं. पडल्याचा आवाज बी आला न्हाई. मग डब्यातलं घातलं. फिटर माणूस मी, तीन स्क्रू हरवून बसलो, तुला काय तोंडानं सांगणार?"

पडल्याचा आवाज आला नाही. मी त्या मॅग्नेटकडे बघत राहिले. स्क्रू मॅग्नेटला चिकटतो तो टण् करून चिकटतो. तीन स्क्रू, दोन्ही हातांच्या मधे, नाकासमोर. शेजारच्या खोलीतूनसुद्धा ऐकू आलं असतं.

आप्पा काळे स्क्रू एकेक करून उपरण्याला पुसत होते. मी त्यांच्या पाठीमागे गेले, पांढरा एक उचलला आणि फरशीवर सोडला. तो टणटणत गेला, भिंतीला लागला, फिरून थांबला. आप्पा पुसतच होते. दुसरा सोडला, जरा उंचावरून. ते पुसतच होते.

फोनवर आप्पा भलतंच उत्तर द्यायचे आणि मी वर्षभर रेंजला शिव्या घातल्या होत्या. शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, आप्पांचा स्पीकर हल्ली फार जोरात असतो गं. आवाज बसला असेल तर शेजारी ऐकू जातो कसा, एवढंसुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही. ती फरफर त्यांना कधी जाणवलीच नव्हती. माल देणाऱ्यांचा संशय घेतला, मामांचा घेतला, चाचांचा चारचौघांत घेतला. बापाच्या कानांचा घेतला नाही. मला रडू फुटलं. आवाज करून रडले मी, त्यांच्या पाठीमागे उभी राहून, आणि आप्पांना ते कळलं नाही.

चेहरा धुतला, आले थोड्या वेळात म्हणून खूण केली आणि चाचांच्या दुकानाकडे चालत गेले. दुकानात आता कुणी नव्हतं. ज्यांच्यासमोर बोलले होते त्या बायकांना कुठून परत आणू?

"चाचा, चुकलं माझं. पाया पडते."

"काय नगं पडू. सापडले का मॅग्नेटवर?"

"तिन्ही. आप्पांनीच उघडली होती. चिकटले ते त्यांना ऐकू नाही आलं."

"ऐकू न्हाई आलं? त्यास्नी?" चाचा एवढंच म्हणाले आणि हातातलं काम ठेवून दिलं. आप्पा स्क्रूचा आवाज ओळखायचे तो खेळ चाचांनीही पायरीवर बसून पुष्कळदा केला होता. त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि चप्पल घातली.

आमच्या दारात चाचा थांबले. आप्पा दाराकडे पाठ करून बसले होते, पेटी पुढ्यात, काळे स्क्रू ओळीनं मांडलेले.

"आप्पा!" चाचांनी हाक मारली. मग जरा मोठ्यानं. मग गल्लीत ऐकू जाईल अशी. शेजारच्या काकू बाहेर आल्या.

चाचा आत गेले आणि वळसा घालून आप्पांच्या समोर जाऊन बसले. आप्पा केवढ्यानं दचकले. मग ओळखलं, आणि रागानं म्हणाले, "चोरागत आलास! हाक तरी मारायची का न्हाई?"

चाचांनी त्यांचा हात धरला, अगदी तोंडासमोर तोंड आणलं आणि एकेक शब्द सावकाश म्हणाले, "मारली. तीनदा मारली, आप्पा. त्या दिशी भाजीच्या गाड्यापाशी बी तीनदा मारली व्हती."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. माझे डोळे बघितले, मग मागं फरशीवर पडलेले दोन पांढरे स्क्रू बघितले. हात चाचांच्या हातातच होता.

"मला वाटलं," ते म्हणाले, "तूच माझ्याशी बोलायचा बंद झालास."